परीक्षेची धास्ती आणि अश्वगंधा

जालना जिल्ह्यातील एका शाळेत शिक्षकांशी गप्पा चालल्या होत्या. एका बाईंनी आम्हाला विचारले, "बारावीची काही मुलं परीक्षेच्या धास्तीनं अश्वगंधेचं चूर्ण घेतात. झाडपाल्याचंच औषध ते, अपाय काय होणार?"

आधी ही वनस्पती पाहू. मराठवाड्यात बांधावर, पडीक जागेत उगवणारी ढोरगुंज किंवा आस्कंद म्हणजेच अश्वगंधा. कागदी पिशवीसारख्या आवरणात तिचे लाल फळ असते. मुळाला घोड्यासारखा वास येतो, म्हणून हे नाव. शास्त्रीय नाव विथानिया सोम्निफेरा. 'सोम्निफेरा' म्हणजे झोप आणणारी.

तिचा उपयोग होतो का? २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका भारतीय अभ्यासात ताणाने त्रस्त अशा ६४ प्रौढांचे दोन गट केले होते. एका गटाला मुळाच्या अर्काच्या ३०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दिवसातून दोनदा, ६० दिवस दिल्या. दुसऱ्या गटाला तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या कॅप्सूल दिल्या. अर्क घेणाऱ्यांचा ताण अधिक कमी झाला. ताणाच्या वेळी वाढणारे कॉर्टिसॉल हे संप्रेरकही रक्तात घटले. नंतरच्या काही अभ्यासांतही असेच दिसले. मात्र हे अभ्यास बहुतेक लहान, काही आठवड्यांचे आणि प्रौढांवरचे आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना त्यांचे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.

आता अपाय. काहींना पोटदुखी, जुलाब किंवा गुंगी येते. क्वचित यकृताला इजा होते. आइसलँड व अमेरिकेतील अशा पाच रुग्णांची माहिती २०२० साली प्रसिद्ध झाली. औषध सुरू केल्यावर २ ते १२ आठवड्यांत त्यांना कावीळ झाली होती. पुढे ते बरे झाले. पण आधीच यकृत बिघडलेल्या काही भारतीय रुग्णांचा मृत्यू झाल्याचीही नोंद आहे. अश्वगंधेने थायरॉइडची संप्रेरके वाढू शकतात. ती वाढली की छाती धडधडते, हात कापतात. म्हणजे ज्या धास्तीसाठी औषध घेतले, तिचीच लक्षणे! गरोदरपणी, तसेच झोपेची किंवा थायरॉइडची औषधे चालू असताना ती परस्पर घेऊ नये. पानांच्या वापराविरुद्ध आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये उत्पादकांना सूचना दिली होती. म्हणून बांधावरचा पाला उकळून पिणे तर टाळावेच.

बाईंना आम्ही एवढेच म्हणालो, "धोतराही झाडपालाच आहे, आणि तोही याच कुळातला!" शरीरावर ज्याचा परिणाम होतो, त्याचा दुष्परिणामही होऊ शकतो. मग ते कारखान्यात बनलेले असो की शेतात उगवलेले. म्हणून कोणता भाग, किती मात्रा, किती दिवस आणि कोणाला, हे चार प्रश्न विचारायलाच हवेत.

धास्तीने मुलाची झोप, भूक उडाली असेल तर चूर्णाच्या डबीआधी त्याच्याशी बोला. गरज वाटली तर डॉक्टरांकडे न्या. 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावरही विनामूल्य सल्ला मिळतो. आणि आधीच चूर्ण घेत असलेल्या मुलाचे डोळे वा लघवी पिवळी दिसली, तर चूर्ण लगेच थांबवून दवाखाना गाठा. ते चूर्ण घेत होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.