एव्हरेज कुठे गेले? एका जुन्या गाडीची तपासणी

(ऊस विकास विभागाकडून)



गेल्या हंगामाच्या अखेरीस औंढा नागनाथ भागातील एका गावी खोडवा व्यवस्थापनाची बैठक होती. पाचट कुजविणे, बुडखे जमिनीलगत छाटणे, पहारीने खत देणे हे सर्व सांगून झाले. "कुणाची काही शंका?" असे विचारताच मागच्या रांगेतून एक ज्येष्ठ सभासद उठले. सगळे त्यांना नाना म्हणतात.

"साहेब, खोडव्याचं समजलं. पण आपल्याच उसाची दारू आपल्याच गाडीला का बाधायली, ते सांगा. लिटरला पाच किलोमीटर कमी झालं. ऊस बी आपणच घालायचा अन् पेट्रोल बी आपणच जास्त जाळायचं का?"

बैठकीत हशा पिकला. मला मात्र हसू आले नाही. माझी १९९७ सालची कार्बोरेटरवाली मारुती ८००, जी आर.टी.ओ.कडे नूतनीकरण करून अजून वापरात आहे, तिचेही तेच झाले होते. डायरीत २०२१ साली लिटरला १७ किलोमीटर लिहिलेले. यंदा १२ वर आलेली. मीही मनातल्या मनात इथेनॉललाच दोष देऊन मोकळा झालो होतो. नानांना "बघून सांगतो" म्हणालो, आणि मग खरोखरच बघायला लागलो.

प्रथम इथेनॉलचा हिशेब. मनमाड आणि मिरज येथे २००१ साली प्रायोगिक तत्त्वावर इथेनॉलमिश्रित पेट्रोल सुरू झाले. पुढे २००३ पासून ५ टक्क्यांचा कार्यक्रम आला, २०२२ मध्ये मिश्रण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्के झाले. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश उष्णता असते. आता पंपावर मिळणाऱ्या लिटरमध्ये ८०० मिलिलिटर पेट्रोल आणि २०० मिलिलिटर इथेनॉल धरा. त्या २०० चे काम सुमारे १३३ मिलिलिटर पेट्रोलइतके. म्हणजे पूर्ण लिटरचे काम ९३३ मिलिलिटरइतके. घट साडेसहा-सात टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही, इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनविलेल्या आणि १० टक्क्यांना जुळविलेल्या चारचाकीत २० टक्के मिश्रण वापरल्यास ६ ते ७ टक्के घट येईल असेच म्हटले आहे.

तेव्हा "काही फरक पडत नाही" असे जे कोणी सांगतात ते खरे नाही, आणि आपण ऊसवाल्यांनी तर ते मुळीच सांगू नये. फरक पडतो. पण १७ चे सात टक्के म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आत. त्यातही २०२१ साली पेट्रोलमध्ये थोडे इथेनॉल होतेच. माझे गेले होते पाच. उरलेले पावणेचार कुठे गेले?

उसाचे पान पिवळे पडले की आपण काय करतो? युरियाचे पोते फोडतो. मग लक्षात येते की तो केवडा आहे, लोह कमी पडले आहे. किंवा पाणी साचून मुळ्या गुदमरल्या आहेत. किंवा खाली हुमणी बसली आहे. गाडीचेही तसेच. एव्हरेज पडले की मिस्तरी पहिला हात कार्बोरेटरला घालतो. माझ्या गाडीचा कार्बोरेटर वर्षात दोनदा उघडून झाला होता.

आधी मोजणी नीट केली. "पाचशेचे टाकले आणि अमुक दिवस चालली" हे मोजमाप नव्हे. एकाच पंपावर, त्याच नळीने, पहिला कट होईपर्यंत टाकी भरली आणि मीटरचा आकडा लिहिला. अडीच-तीनशे किलोमीटर नेहमीसारखी चालवून पुन्हा तिथेच, तशीच भरली. चाललेले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नये, दोन-तीन घ्याव्यात.

पण मीटर तरी खरे सांगतो का? औंढा–हिंगोली रस्त्यावर किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिले. २० दगडांत मीटर १९.४ च चालला. मध्यंतरी टायर बदलताना थोड्या मोठ्या मापाचे बसविले होते; चाक मोठे, म्हणून फेरे कमी. म्हणजे १२ दिसत होते ते खरे १२.४ होते. चारशे मीटर तर एकही स्क्रू न फिरविता सापडले!

नंतर हवा. चारही टायरांत गाडीच्या पुस्तकात दिलेल्यापेक्षा कमी, एकात तर फारच कमी. हवा सकाळी, टायर थंड असताना बघावी. फडातून आणि ढेकळांतून गाडी घालणाऱ्या माणसाला कमी हवा बरी वाटते, हादरे बसत नाहीत. पण डांबरीवर तीच गाडी चिखलातून ओढल्यासारखी चालते.

त्याच दिवशी ब्रेकही तपासले. रस्ता सपाट आणि रिकामा पाहून ताशी ४० च्या वेगात गाडी न्यूट्रल केली. (इंजिन चालूच ठेवावे, चावी काढू नये, स्टिअरिंग अडकते.) गाडी सहज घरंगळत जायला हवी होती, ती लगेच मरगळली. उतरून चाकांजवळ जपून हात नेला, तो मागचे डावे चाक चांगलेच तापलेले. जॅक लावून हाताने फिरविले, अर्ध्या फेऱ्यात थांबले. हॅन्डब्रेकची तार गंजून अडकली होती. ब्रेक सोडला तरी चाक पुरते सुटत नव्हते. किती महिने मी ब्रेक लावून गाडी चालवत होतो, देव जाणे. नवी तार बसविली, ड्रम साफ केले.

येथे माझी एक चूक कबूल करतो. हवा आणि ब्रेक एकाच दिवशी दुरुस्त केल्याने कोणामुळे किती वाढले ते कळले नाही. प्लॉटमध्ये वाण आणि खत एकदम बदलू नका म्हणून मीच तुम्हाला सांगत असतो! दोन्ही मिळून एव्हरेज १४ वर आले, एवढेच सांगू शकतो.

पुढची गोष्ट मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हती. गाडी कितीही चालविली तरी उष्णतेचा काटा खालीच राहायचा. मी समजत होतो, इंजिन थंड म्हणजे उत्तम. प्लग काढले तर तिन्ही काळेकुट्ट, काजळी धरलेले. प्लगचे टोक फिकट तपकिरी असावे. काळे म्हणजे पेट्रोल पुरते जळत नाही. खरे कारण रेडिएटरच्या वाटेवर निघाले. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट तिथे नव्हताच. कधीतरी उन्हाळ्यात गाडी गरम झाली तेव्हा एका मिस्तरीने तो काढून टाकला होता. आपल्या भागात हे सर्रास होते. त्यामुळे इंजिन कायम गारठलेले राहते, थंड इंजिनाला पेट्रोल जास्त लागते, आणि ती रड बंद व्हावी म्हणून पुढच्या मिस्तरीने कार्बोरेटरचे मिश्रण वाढवून ठेवलेले.

हे घरी ओळखता येते. सकाळी गाडी सुरू करून पंखा आणि पट्ट्यापासून हात दूर ठेवत रेडिएटरच्या वरच्या रबरी नळीवर हात ठेवा. थर्मोस्टॅट असेल तर नळी काही मिनिटे गार राहून मग एकदम तापते. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेली तर समजा, आत काही नाही. नवा थर्मोस्टॅट बसविला, गाडी गरम का होत होती तेही पाहिले (रेडिएटर गाळाने चोंदला होता), आणि सर्वांत शेवटी कार्बोरेटर जुळविला. एव्हरेज १५.४.

पूर्वीचे १७ अजून आले नाहीत, आणि येणारही नाहीत. इथेनॉलचा सव्वा किलोमीटर धरला तर पावणेसोळा हवेत. राहिलेला फरक म्हाताऱ्या इंजिनाचा आणि माझ्या फिरतीचा. पाच किलोमीटर जायचे, फडावर थांबायचे, पुन्हा सुरू करायची. महाशिवरात्रीच्या जत्रेत देवळाच्या रस्त्यावर तासभर पहिल्या गिअरमध्ये सरकलो, ती टाकी तर हिशेबातच धरली नाही.

इथेनॉलबद्दल जुन्या गाडीवाल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. ते पाणी ओढते आणि जुने रबर खराब करते. पेट्रोलच्या नळ्या फुगल्या किंवा भेगाळल्या असतील, वास येत असेल, तर लगेच बदला; तो केवळ एव्हरेजचा नव्हे, आगीचा प्रश्न आहे. टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टर चोंदतो आणि गाडी झटके देते. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून महिनाभर गाडी उभी करू नये.

आता नानांच्या प्रश्नाचा दुसरा भाग. ब्राझीलने १९७५ साली उसाच्या इथेनॉलचा कार्यक्रम सुरू केला. तिथे शुद्ध इथेनॉल वेगळ्या नळीने, वेगळ्या दराने मिळते. दर पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल भरायचे, नाहीतर पेट्रोल, असा हिशेब तिथला गाडीवाला पंपावर उभ्या उभ्या करतो. आपल्याकडे सहा-सात टक्के कमी चालणारे मिश्रण साध्या पेट्रोल म्हणूनच विकले जाते. स्वस्त पर्याय नाही. इथेनॉलमुळे कारखान्याला पैसा लवकर मिळतो आणि ऊसबिलाला आधार होतो, हे आपण जाणतोच. पण नानांची तक्रार त्या सव्वा किलोमीटरपुरती रास्त आहे, असे माझे वैयक्तिक मत आहे.

मागच्या आठवड्यात नाना गाडी घेऊन गट ऑफिसला आले. टपावर कॅरियर, त्यावर ठिबकच्या नळीची भेंडोळी, डिकीत जुनी बॅटरी आणि खताचे पोते. चोकची तार अर्ध्यावर अडकलेली, प्लग माझ्यापेक्षाही काळे. चोक सोडविला, पोते उतरविले. कॅरियर काढायला नाना तयार नाहीत. टाकी भरून मीटर लिहून दिला आहे. दुसऱ्यांदा टाकी भरली की आकडा कळवतो म्हणाले आहेत.