वास न येणारी नशा

वर्ध्यात पोरगा रात्री उशिरा घरी आला की दार उघडतानाच आईचं नाक पुढे होतं. जिल्ह्यात दारूबंदी सत्तरच्या दशकापासूनची. तरी दारू मिळते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हणून तोंडाचा वास ही इथली घरगुती तपासणी. त्यात पास झाला तो पोरगा चांगला. आर्वी नाक्याकडे माझं मेडिकल आहे. गोळीला वास नसतो, हे मात्र काउंटरमागे उभं राहिलेल्यालाच कळतं.

दुकानात काय मागतात ते ऐका. "भाऊ, झोपेचा एक पत्ता द्या जी, चिठ्ठी घरी राहिली." "आजीचीच आहे, नेहमीची." खोकला नसलेला मुलगा खोकल्याची बाटली नाव घेऊन मागतो. जिमवाली पोरं मेफेन्टरमाइनचं इंजेक्शन विचारतात. ऑपरेशनच्या वेळी कमरेत भूल दिल्यावर बीपी घसरतं, ते वर आणायचं हे औषध. व्यायामाशी त्याचा काही संबंध नाही. मालेगावकडे अल्प्राझोलाम ही झोपेची गोळी 'कुत्ता गोली' म्हणून खपते आणि पोलिसांच्या छाप्यांत सापडते. दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल 2019 साली आला. त्यानुसार 10 ते 75 वयोगटातले सुमारे 1 कोटी 18 लाख लोक गुंगीची औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याबाहेर घेतात.

कायदा नाही असं नाही. 1 मार्च 2014पासून अशी बरीच औषधं 'एच-1' यादीत आहेत. त्यांच्या पत्त्यावर लाल चौकट असते. विकताना लिहून देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, रोग्याचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरात लिहायची आणि ते रजिस्टर 3 वर्षं जपायचं. ट्रामाडॉल हे वेदनाशामक तर 2018पासून अमली पदार्थांच्या कायद्याखालीही आलं. पण रजिस्टर दुकानाच्या उंबरठ्यापर्यंतच चालतं. पुढे पत्ता घरी जातो आणि टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये, स्टीलच्या डब्यात वर्षानुवर्षं पडून राहतो.

एका दुपारी ओळखीतल्या एक शिक्षिका आल्या. त्यांचा इंजिनिअरिंगला असलेला मुलगा थोड्याच दिवसांपूर्वी गेला होता. नातेवाइकांनी गावात 'अटॅक आला' असं सांगितलं होतं. त्यांनी कापडी पिशवी काउंटरवर उपडी केली. कात्रीने कापलेले पत्ते, मलमाची ट्यूब, न वापरलेला सलाईनचा सेट. सासऱ्यांच्या कॅन्सरच्या दुखण्यातलं उरलेलं सगळं. "भाऊ, यातली कोणती?"

मी दोन पत्ते बाजूला काढले. एक ट्रामाडॉल, सासऱ्यांच्या वेदनेसाठी. दुसरा अल्प्राझोलाम, सासूबाईंच्या झोपेसाठी. दोन्ही गोळ्या डॉक्टरांनी योग्य कारणासाठी लिहून दिलेल्या. पत्त्यांमधली रिकामी घरं त्या कितीतरी वेळ बोटाने चाचपत राहिल्या.

सुट्टीत मित्राच्या खोलीवर पोरं जमली होती. कुठूनशी बिअर आली होती, आणि 'मस्त वाटतं' म्हणून त्यांच्या मुलानं घरातल्या गोळ्या नेल्या होत्या. पोलिसांनी आकस्मिक मृत्यूची नोंद केली, व्हिसेरा नागपूरच्या प्रयोगशाळेत गेला. अहवालाची वाट न पाहता मित्रांनीच खरं सांगून टाकलं. रात्री तो मोठ्याने घोरत होता, म्हणून त्यांनी त्याला झोपू दिलं.

ते घोरणं नीट समजून घ्यायला हवं. ट्रामाडॉल अफूच्या जातकुळीचं वेदनाशामक आहे. जास्त झालं की मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं. अल्प्राझोलाम आणि दारूही मेंदूला त्याच दिशेने ढकलतात. एकेकटी निभावून जाईल अशी मात्रा तिघं एकत्र आली की जीव घेते. जीभ आणि घसा सैल पडतो, हवा अडखळत जाते. बाहेरच्याला ते गाढ झोपेचं घोरणं वाटतं. हलवून, हाक मारून माणूस उठत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, श्वास लांबलांब पडत असेल, तर त्याला कुशीवर वळवा आणि 108ला फोन करा. श्वास थांबलाच तर उताणं करून छाती दाबायला लागा. दवाखान्यात काय घेतलं ते खरं सांगा, कारण अफूवर्गीय औषधांवर नॅलॉक्सोन नावाचा उतारा असतो. पोलिसांच्या भीतीने पोरं गप्प बसतात आणि उताऱ्याची वेळ निघून जाते.

पोर गेल्यावर आईबापांच्या वाट्याला आणखी एक गोष्ट येते. अपघातात मूल गेलं तर लोक जवळ बसतात. गोळ्यांनी गेलं तर संस्कार काढतात. म्हणून 'अटॅक' पुढे येतो. मेलबर्नमध्ये 2001 साली सुरू झालेला 31 ऑगस्टचा दिवस आता अनेक देशांत पाळतात. औषधांच्या अतिमात्रेने गेलेल्यांची आठवण त्या दिवशी उघडपणे, लाज न बाळगता काढायची असते. आपल्याकडे हे दुःख अजून दाराआडच आहे.

घरात करायच्या गोष्टी सोप्या आहेत. आजारी माणूस बरा झाला किंवा गेला की उरलेल्या गोळ्या आठवण म्हणून ठेवू नका. केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने 2025मध्ये 17 औषधांची यादी काढली. ती शिल्लक राहिली तर शौचालयात टाकून पाणी सोडायला सांगितलं आहे. ट्रामाडॉल त्यात आहे. बाकीच्या गोळ्यांचं काय करायचं ते तुमच्या मेडिकलवाल्याला विचारा. रोज लागणारी झोपेची गोळी कुलपात ठेवा आणि पत्ता मोजून ठेवा.

मुलाच्या दप्तरात पत्ता सापडला तर आरडाओरडा करून गोळ्या एका दिवसात बंद करू नका. बरेच दिवस घेतलेली अल्प्राझोलाम अचानक बंद केली तर झटके येऊ शकतात. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवायची असते. 14446 ही व्यसनमुक्तीची आणि 14416 ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, दोन्ही मोफत.

त्या शिक्षिका आता विचारणाऱ्याला सरळ सांगतात, "गोळ्यांनी गेला." सासरच्या काहींना ते रुचत नाही. पण त्यांचं बोलणं ऐकून त्यांच्याच गल्लीतली माणसं घरातले जुने पत्ते घेऊन माझ्याकडे विचारायला आली. 'अटॅक' म्हटल्यावर कुणी आलं नव्हतं.