स्वयंपाकघराची चिमणी आणि पावसाची झड : काही गैरसमज

वसई-विरारमधील अनेक सदनिकांत पावसाळा लागला की स्वयंपाकघराच्या चिमणीच्या नळीतून पाणी ठिबकू लागते, आणि नळीच्या बाहेरच्या तोंडावर टोपी बसवली की हा प्रश्न मिटतो, असा सर्वसाधारण समज आहे. पाऊस सरळ वरून खाली पडतो हे या समजामागचे गृहीत किनारपट्टीवर टिकत नाही. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. वाऱ्याचा वेगही तेवढाच, म्हणजे ताशी 23 किलोमीटरच्या आसपास झाला, की तो थेंब 45 अंशांच्या कोनात भिंतीवर आदळतो, आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत अर्नाळा ते नायगाव या पट्ट्यात एवढा वारा मुळीच अपवादात्मक नसतो. त्यातच उंच इमारतीवर आपटलेला वारा वरच्या मजल्यांपाशी भिंतीलगत वर वळतो व बारीक थेंब सोबत उचलून नेतो, त्यामुळे तोंड खाली असले तरी उथळ टोपीत पाणी शिरू शकते. पश्चिमेकडील किंवा दक्षिणेकडील उघड्या भिंतीवर म्हणूनच तिन्ही बाजूंनी झाकलेली, नळीच्या तोंडाच्या बरीच खाली उतरणारी खोल टोपी लागते.

नळीतील झडप, म्हणजे पंखा चालू असताना उघडणारी व बंद होताच मिटणारी पातळ पट्टी, पावसासाठी असते हाही गैरसमजच होय. तिचे काम उलटी येणारी हवा अडवण्याचे आहे. तेलकट थर साचला की ती अर्धवट उघडी राहते.

पुष्कळदा तर पाणी नळीतून येतच नाही. भिंतीला पाडलेले भोक आणि नळी यांच्यामधली फट नुसत्या सिमेंटने बुजवली, तर पंख्याच्या कंपनाने व उन्हातल्या प्रसरणाने तेथे बारीक भेग पडते आणि भिंतीवरून ओघळणारे पाणी तिच्यातून आत झिरपते. तेथे लवचीक राहणारे सिलिकॉन भरावे लागते. नळीला बाहेरच्या बाजूस दर मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार असणेही तितकेच आवश्यक आहे, कारण झोळ पडलेल्या वळीदार ॲल्युमिनियमच्या नळीत शिरलेले पाणी साचून राहते किंवा उलटे शेगडीकडे वाहते.

सर्वांत घातक समज मात्र असा, की चार महिने तोंडच प्लास्टिकने किंवा थर्माकोलने बंद करून टाकावे. स्वयंपाकाचा एक किलो गॅस पूर्ण जळताना सुमारे 1.6 किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, म्हणजे 14.2 किलोच्या एका सिलिंडरमागे बावीस-तेवीस किलो पाणी, आणि शिजणाऱ्या अन्नाची वाफ त्याहून निराळी. बाहेरची हवा आधीच दमट असताना ही वाफ कोंडली गेली, तर ती कपाटांच्या पाठीवर व गार भिंतींवर थिजते, बुरशी धरते, आणि घरातील माणसे ती पावसाची गळती समजून आणखी फटी बुजवत बसतात. शिवाय हवा खेळती नसेल तर ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड हा गंधहीन विषारी वायू साचण्याचा धोका असतो, आणि त्याची किंमत ओल्या भिंतीपेक्षा फार मोठी आहे.

कबुतरांसाठी जाळी जरूर बसवावी, परंतु तिची छिद्रे साधारण बोटभर असावीत. डासांची जाळी चिकट तेलाने काही आठवड्यांत बुजते. बाहेरचे काम एप्रिल-मे महिन्यांत, सुरक्षा पट्टा बांधणाऱ्या जाणकार कारागिराकडून करून घ्यावे, आणि तोवर मोटारीवर पाणी पडत असल्यास चिमणीचा वीजपुरवठा मुख्य फलकावरूनच तोडावा.