गाडी बदलताना मनमाडला जेवायचे कसे?

मनमाड जंक्शनवर कधी गाडी बदलली नाही, असा मराठवाड्यातला माणूस सापडणे कठीण. कुणी मुंबईला कामाला जातो, कुणी भुसावळला लेकीकडे, कुणी नागपूरला दीक्षाभूमीवर. पूर्वी तर इथे गाडी बदलणे सक्तीचेच होते. हैदराबादकडून येणारी निजामाच्या काळातली लाइन मीटरगेज, म्हणजे अरुंद, आणि मुंबई-भुसावळची लाइन ब्रॉडगेज. त्यामुळे बोचकी डोक्यावर आणि पोरे कडेवर घेऊन सगळे मनमाडला उतरत. नव्वदच्या दशकात लाइन रुंद झाली, थेट गाड्या सुरू झाल्या. तरी भुसावळ-अकोल्याकडे जाणाऱ्या पुष्कळांना आजही इथे उतरावे लागते. आणि उतरले की पहिला प्रश्न पोटाचा!

मागच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे, आई आणि दोन मुले असे पाच जण जालन्याहून भुसावळला लग्नाला निघालो. मनमाडला उतरलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेले होते. पुढची गाडी दीड तासाने. बरोबर घेतलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मुलांनी लासूर येईपर्यंतच संपवली होती. आता पुन्हा "भूक लागली" सुरू झाले. आई म्हणाली, "मला नाही भूक. तुम्ही खाऊन या. मी सामानापाशी बसते."

आम्ही तिचे ऐकले आणि तिथेच चुकलो.

दहा मिनिटांची थाळी

स्टेशनबाहेर हॉटेले, खानावळी, हातगाड्या यांची कमी नाही. एका हॉटेलवाल्याने हाक मारली, "या, थाळी दहा मिनिटांत." आम्ही बसलो. भाव विचारला नाही. चार माणसांत भाव विचारायची लाज वाटते ना! पंधरा मिनिटे गेली, पंचवीस गेली. पोळ्या अजून लाटणेच चालू होते. ताटे आली तेव्हा चाळीस मिनिटे झाली होती. घाईघाईने चार घास पोटात ढकलले. बिल आले ते आमच्या अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट. पापड वेगळा, कांदा वेगळा, पाण्याची बाटली वेगळी. भांडायला वेळ नव्हता. आईसाठी काही बांधून घ्यायचे तेवढ्या गडबडीत राहून गेले. जाता जाता बिस्किटाचा एक पुडा घेतला.

आई तिथेच ट्रंकेवर बसली होती. पाणीही प्यालेली नव्हती. "नळावर गेले असते तर सामान कुणी बघितले असते?" म्हणाली. भुसावळला लग्नघरी पोचल्यावर तिला चक्कर आली. मग चौकशी केली तेव्हा कळले, पहाटे चारला उठून तिने सगळ्यांच्या दशम्या केल्या आणि स्वतः एकही खाल्ली नव्हती.

"भूक नाही" हे कुठून आले?

त्या रात्री आई सावकाश बोलली. तिच्या लहानपणी गावच्या स्टँडवर चहाचे हॉटेल होते. आपल्या लोकांची कपबशी वेगळी असे, बाहेर वळचणीला खोचून ठेवलेली. आपणच काढायची, आपणच धुऊन पुन्हा खोचायची. चहा वरून ओतत. तिचे वडील मुलांना घेऊन तालुक्याला जात, तेव्हा बजावत, "हॉटेलासमोर भूक लागली म्हणायचे नाही." ते तिच्या अंगात मुरले. आज ते हॉटेलही नाही आणि ती कपबशीही नाही, पण आईच्या तोंडी "भूक नाही" राहिलेच.

बाबासाहेबांनी आपल्या लहानपणची अशीच एक आठवण लिहून ठेवली आहे. १९०१ साली ते नऊ वर्षांचे होते. भाऊ आणि भाचे यांच्याबरोबर ते साताऱ्याहून वडिलांकडे निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. न्यायला कुणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशन मास्तर मागे सरला. गाडीवाला मिळाला तो दुप्पट पैसे घेऊन, आणि बैल मुलांनी हाकायचे या बोलीवर. डब्यात जेवण भरपूर होते, पण प्यायला पाणी कुणी दिले नाही. म्हणून जेवण जवळ असूनही मुले रात्रभर उपाशी राहिली.

आणि हे मनमाड? १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी याच गावात जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली झाली. अस्पृश्य माणसाला पोर्टरची नोकरी का मिळत नाही, हे त्यांनी तिथे उघड सांगितले. पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे कामही करावे लागे. मग त्याचा स्पर्श घरात कसा चालणार? ज्या फलाटावर आई उपाशी बसली होती, त्या गावाचा हा इतिहास आम्हांला ठाऊक होता. तरी तिला आम्ही सामान राखायला ठेवले, याची आम्हांला फार लाज वाटली.

परतीचा प्रवास

परत येताना मनमाडला तीन तास होते. या वेळी आधी सामान क्लोकरूममध्ये ठेवले आणि पाचही जण बाहेर पडलो. मनमाडला शिखांचा गुप्तसर साहिब गुरुद्वारा आहे. नांदेडला जाणारे-येणारे यात्रेकरू तिथे उतरतात आणि लंगरमध्ये जेवतात. लंगर कुणालाही खुला. रिक्षाने गेलो. चपला बाहेर काढल्या, हात-पाय धुतले, डोके रुमालाने झाकले, पंगतीत बसलो. आईच्या एका बाजूला पंजाबकडचे एक म्हातारे सरदारजी, दुसऱ्या बाजूला एक मजूर बाई. डाळ, भाजी, भात. रोटी दोन्ही हात पुढे करून घ्यायची. नाव, गाव, जात कुणी विचारली नाही. आईने दोनदा डाळ मागून घेतली. "आणखी घ्या माताजी," म्हणत वाढणारा मुलगा तिसऱ्यांदा आला, तेव्हा ती हसली. निघताना पेटीत तिने स्वतःच्या हाताने दहा रुपये टाकले.

वेळ कमी असेल तर मात्र गुरुद्वाऱ्याला जाऊ नये. तिथे घाईने जेवून पळणे बरे दिसत नाही.

एवढे लक्षात ठेवा

आमच्या फजितीतून आम्ही जे शिकलो ते वाचक बंधू-भगिनींसाठी देतो.

तासाभराच्या आत गाडी असेल तर स्टेशन सोडू नका. बाहेर गेलातच तर तयार असलेलेच मागा. पोहे, मिसळ, समोसा, कढईतून निघणारा वडापाव, डोळ्यांसमोर होणारे ऑम्लेट-पाव. थाळीला बसण्यापूर्वी "पोळ्या तयार आहेत का?" हे विचारा.

भाव आधी विचारा, मोठ्याने विचारा. त्यात कमीपणा काही नाही. आपला पैसा घामाचा आहे.

रेल्वेने २०२३ पासून काही स्टेशनांवर जनरल डब्यांजवळ स्वस्त जेवण सुरू केले. सात पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लोणचे, भाव २० रुपये. फलाटावर असा स्टॉल दिसला तर सोडू नका. फलाटावर काहीही घेतले तरी बिल मागा. तक्रार असेल किंवा गाडीची वेळ विचारायची असेल तर १३९ नंबर आहे.

पाणी घरूनच जास्त घ्या. मनमाडला पाण्याची टंचाई जुनीच आहे, उन्हाळ्यात तर विचारू नका. विकत घ्यायचे तर रेल नीरची लिटरची बाटली २२ सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपये झाली आहे. छापील किमतीपेक्षा जास्त देऊ नका.

घरची शिदोरी सगळ्यांत चांगली. उन्हाळ्यात भात, ओली भाजी लवकर आंबते. दशम्या, धपाटे, सुकी चटणी, कांदा टिकतात. पण शिदोरी बांधताना प्रत्येकाची पुडी वेगळी बांधा आणि करणारीची पुडी पहिली बांधा. मुलांना सांगा, आजीच्या पुडीला हात लावायचा नाही.

आणि शेवटचे. घरातली बाई प्रवासात "मला भूक नाही" म्हणाली, तर ते खरे मानू नका. सामान राखायला एकाने थांबायचेच असेल तर पाळीपाळीने थांबा आणि तिला पहिल्या पाळीत जेवायला पाठवा. मागच्या महिन्यात पुन्हा मनमाडला उतरलो. मुलगा धावत पुढे गेला, वडापावच्या गाडीवर भाव विचारून आला आणि म्हणाला, "आजी, चल. तुझा पहिला." आई म्हणाली, "दोन घे. आज भूक आहे."