लाकडाचा रंग आणि लाखेची झिलई

चारमिनाराला लागून असलेल्या लाड बाजारात लाख विस्तवावर मऊ करून तिच्या बांगड्या वळतात आणि त्यांवर काचेचे खडे बसवितात. हैदराबादच्या या बांगड्यांना 2024 साली भौगोलिक मानांकन लाभले. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वसणाऱ्या एका इवल्याशा कीटकाची ही निर्मिती. कच्ची लाख धुतली म्हणजे जो तांबडा रस निघतो तो अळित्याचा रंग होय; आणि धुतलेली लाख वितळवून तिचे पातळ पापुद्रे ओढले की झाला सुताराचा चपडा. लाकूड रंगविणे आणि त्या रंगाचे रक्षण करणे ही दोन्ही कामे एकाच कीटकाच्या देणगीतून साधतात, हे थोडे नवलाचेच.

याच हैदराबादेत घरच्या घरी विद्युत गिटार घडवू पाहणाऱ्या हौशी कारागिराला लाखेची ही ओळख फार उपयोगी पडते. विद्युत गिटारीचे अंग सतारीच्या भोपळ्यासारखे पोकळ नसते. सुमारे 45 मिलिमीटर जाडीची ती एक भरीव फळी असते. पोलादी तार चुंबकाजवळ कंप पावते, तारेच्या वेटोळ्यात त्यामुळे सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि तोच पुढे ध्वनिवर्धकातून ऐकू येतो. म्हणून लाकडावरील झिलईने स्वर पालटतो ही समजूत येथे बरीचशी अतिशयोक्तीची आहे. सतारीच्या पातळ तबलीविषयी ती खरी मानता येईल. गिटारीवरील लेपाचे काम निराळे: घाम, ओल आणि ऊन यांपासून लाकूड राखणे, आणि डोळ्यांना सुख देणे.

विकत घेतलेले चुंबक बिघडले तर बदलता येते. परंतु महिनाभर खपून कोरलेली फळी रंगविताना बिघडली, तर ती पुन्हा तासण्यावाचून गत्यंतर नाही. बिघाडाचे मूळ बहुधा रंगात नसते, रंगापूर्वीच्या घाईत असते. फळ्या जोडताना ओघळलेला सरस पुसल्यासारखा वाटतो, पण तो तंतूंत मुरलेला असतो. रंग पडताच त्या जागी पांढुरका डाग उमटतो आणि मग तो लपत नाही. यावर उपाय साधा आहे. घासकाम संपल्यावर सारे अंग स्पिरिटने ओले करून तिरप्या उजेडात पाहावे. सरसाचे डाग आणि कागदाचे आडवे ओरखडे तत्काळ दिसतात.

रंगही दोन जातींचे. एक विरघळणारा, तंतूंत शिरून त्यांची नक्षी उठावदार करणारा. दुसरा भुकटीचा, जो छिद्रांत बसतो आणि जाड झाला की नक्षी झाकतो. पाण्यात विरघळणाऱ्या रंगाने तंतू उभे राहतात व पृष्ठभाग खरखरीत होतो. म्हणून आधी नुसत्या पाण्याने फळी ओली करून वाळू द्यावी, बारीक कागदाने घासावी आणि मगच रंग द्यावा. फळीच्या टोकांशी छेदलेले तंतू रंग अधिक पितात व काळवंडतात. तेथे रंग पातळ करून लावावा. मिरजेचे सतारकार वापरतात ते तुनीचे लाकूड हलके असून रंग चांगला घेते. सागवान तेलकट, त्यामुळे काही आधुनिक लेप त्यावर नीट वाळत नाहीत. सागाला रंगविण्याचा मोहच का व्हावा, हाही प्रश्नच आहे. कडेला गडद व मध्ये पिवळी अशी छटा हवी असल्यास आधी सर्वत्र पिवळा रंग द्यावा आणि तांबडा-तपकिरी मागाहून कडांकडून आत आणावा. उलट क्रम चालत नाही.

हैदराबादच्या उत्तरेस सुमारे 200 किलोमीटरवर, नांदेड व किनवटच्या शेजारी, निर्मल हे गाव आहे. तेथील चितारी पोनिकीच्या मऊ लाकडाची खेळणी करतात. चिंचोक्यांची खळ आणि लाकडाचा भुसा यांच्या लगद्याने सांधे भरतात. पूर्वी त्यांचे रंग खनिजांचे व वनस्पतींचे असत. पुढे त्यांनी ड्यूको हा मोटारींचा रंग स्वीकारला. अमेरिकेत लिओ फेंडर यांच्या कारखान्यातही मोटारींचेच ड्यूको रंग गिटारींवर चढविले जात. निर्मलचा हत्ती आणि कॅलिफोर्नियाची गिटार एकाच रंगाचे धनी झाले.

चपडा स्पिरिटात विरघळवून, कापसाभोवती मलमल गुंडाळलेल्या बोळ्याने तो पातळ थरांत चोळतात. येथे ऋतूची गाठ पडते. स्पिरिट झपाट्याने उडते, पृष्ठभाग थंड होतो, आणि श्रावणातील दमट हवेतील ओल त्यावर बसून लेप दुधाळ होतो. कोरड्या दिवशी स्पिरिटचा हलका हात फिरविला तर हा दोष बहुधा जातो. हैदराबादचा मार्च-एप्रिल त्यामुळे या कामास सोयीचा. परंतु मे महिन्यातील उकाड्यात वादकाच्या हाताचा घाम लाखेला मानवत नाही. यास्तव लाख रंगावरचा पहिला अडसर म्हणून ठेवावी, आणि वरचा थर नायट्रोसेल्युलोजचा अथवा पॉलियुरेथेनचा द्यावा. मात्र पॉलियुरेथेनखाली मेणरहित लाखच हवी, अन्यथा थर सुटतो. हे लेप फवारताना ज्वाला जवळ नको, दार-खिडक्या उघड्या हव्यात. पॉलियुरेथेनच्या घट्टकातील आयसोसायनेट छातीस घातक असल्यामुळे साध्या रुमालाने भागत नाही, योग्य श्वसनमुखवटाच लागतो.

मान जेथे बसते ती खाच कागदाने झाकून कोरीच ठेवावी. तेथे थर चढला की मान घट्ट बसते आणि स्क्रू आवळताना कडेचा लेप तडकतो. नायट्रोसेल्युलोज दिल्यावर तीन-चार आठवडे वाद्य टांगून ठेवावे. खाचेशी नाक नेल्यावर थिनरचा वास येत असेल, तर तारा चढविण्याची वेळ अजून आलेली नाही.