गाळा, स्वयंपाकघर आणि खून: स्थलांतरितांच्या वस्तीतील कोझी रहस्यकथा

इंग्रजी रहस्यकथेच्या ज्या शाखेला ‘कोझी’ म्हणतात, तिच्यात खून होतो, पण रक्ताची वर्णने नसतात. शोध घेणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नसून एखादी ग्रंथपाल, खाणावळ चालवणारी बाई किंवा निवृत्त शिक्षिका असते. गुन्ह्याची जागा लहान असते आणि तिथे सगळे एकमेकांना ओळखतात. शेवटी अपराधी सापडतो आणि विस्कटलेली घडी पुन्हा बसते. या शाखेचा आदर्श म्हणून अगाथा ख्रिस्ती यांच्या मिस मार्पलकडे बोट दाखवले जाते. १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द मर्डर ॲट द व्हिकारेज’ या तिच्यावरील पहिल्या कादंबरीपासून सेंट मेरी मीड या काल्पनिक खेड्यातील ही वृद्ध अविवाहित स्त्री, शेजाऱ्यांच्या सवयींविषयी आयुष्यभर साठवलेल्या माहितीच्या बळावर, पोलिसांना न सुटलेली कोडी सोडवत आली. अमेरिकेत या परंपरेतील पुस्तकांसाठी ‘मॅलिस डोमेस्टिक’ नावाचे संमेलन दरवर्षी भरते आणि तिथे दिले जाणारे पुरस्कार ख्रिस्ती यांच्याच नावाने ‘अगाथा पुरस्कार’ म्हणून ओळखले जातात.

या कथेला खेडे लागते ते निसर्गवर्णनासाठी नव्हे. कोण कुणाकडे किती वाजता गेले, कुणाचे कुणाशी बोलणे बंद आहे, कुणाच्या घरात अचानक पैसा दिसू लागला, हे जिथे न विचारता कळते तिथेच हौशी शोधकाचे काम चालते. जिथे शेजारच्या दारावरचे नावही ठाऊक नसते, तिथे मिस मार्पलसुद्धा हतबल ठरेल. इंग्लंडमधले तसे खेडे आता बरेचसे पुस्तकातच उरले आहे, परंतु त्याचे सर्व गुण अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील स्थलांतरितांच्या वस्त्यांत मात्र शाबूत आहेत. तिथे एकाच दुकानातून सर्वांचा किराणा येतो, एकाच सभागृहात लग्ने आणि शोकसभा होतात, आणि कुणाच्या मुलीने कोणते शिक्षण अर्धवट सोडले हे संध्याकाळपर्यंत सर्वांना कळते. त्यामुळे गेल्या काही वर्षांत या वस्त्यांतून लिहिल्या गेलेल्या कोझी कादंबऱ्यांची संख्या वाढली, यात नवल नाही. महत्त्वाचे आहे ते असे की या स्थलांतरात कथाप्रकार जसाच्या तसा राहिला नाही: खुनाचा हेतू, शोध घेण्याचे कारण आणि पोलिसांचे स्थान या तिन्ही गोष्टी आतून बदलल्या.

परक्या देशातून आलेला शोधक मात्र या कथेत पहिल्यापासून आहे. ख्रिस्ती यांची पहिलीच कादंबरी ‘द मिस्टिरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ (१९२०) हिच्यातला हर्क्युल प्वारो हा पहिल्या महायुद्धात बेल्जियममधून पळून आलेला निर्वासित आहे, आणि ज्या बाईंनी त्याला व त्याच्या देशबांधवांना आसरा दिला त्यांच्याच मृत्यूचा तो छडा लावतो. पण ते देशबांधव कथेत जवळजवळ दिसतच नाहीत. प्वारो एकटा परका आहे, त्याची वस्ती नाही. पाच वर्षांनी अर्ल डेर बिगर्स या अमेरिकन लेखकाने ‘द हाउस विदाउट अ की’मध्ये होनोलुलूच्या पोलीस दलातील चार्ली चॅन हे चिनी पात्र आणले. त्या काळच्या खलनायकी चिनी पात्रांच्या तुलनेत तो निश्चितच सभ्य आणि बुद्धिमान होता, तरी पुढे चित्रपटांत त्याची भूमिका वॉर्नर ओलंड या स्वीडनमध्ये जन्मलेल्या नटाकडे गेली, ही गोष्ट त्या काळाविषयी पुरेसे सांगते.

वस्ती खऱ्या अर्थाने कथेत आली ती अमेरिकेतील ज्यू लेखकांमुळे, आणि त्यांचे हे ऋण आज फारसे कुणाला आठवत नाही. जेम्स याफ यांनी १९५२ पासून ‘एलरी क्वीन्स मिस्टरी मॅगझिन’मध्ये लिहिलेल्या कथांमध्ये न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात राहणारी एक विधवा आई, दर शुक्रवारी रात्री जेवायला येणाऱ्या आपल्या पोलीस मुलाकडून त्याचे अडलेले प्रकरण ऐकून घेते, वाढता वाढता दोन-चार वरवर असंबद्ध प्रश्न विचारते आणि नात्यातल्या किंवा शेजारच्या कुणाचा तरी दाखला देत गुन्हेगार सांगून टाकते. मिस मार्पलची पद्धत इथे शब्दशः दिसते, परंतु तिला एक नवा ताण मिळाला आहे: मुलगा इथल्या सरकारचा माणूस झाला आहे, सून शिकलेली आहे, आणि ज्या आईचे ज्ञान या नव्या देशात निरुपयोगी मानले जाते, तिचेच ज्ञान दर आठवड्याला कामी येते. हॅरी केमेलमन यांनी १९६४ मध्ये ‘फ्रायडे द रबाय स्लेप्ट लेट’ लिहून हाच धागा मोठ्या पटावर नेला. रबाय म्हणजे ज्यू धर्मशास्त्राचा जाणकार. तो पुजाऱ्यापेक्षा पंडित आणि न्यायनिवाडा करणारा अधिक. मॅसॅच्युसेट्समधील एका काल्पनिक गावात डेव्हिड स्मॉल या तरुण रबायच्या प्रार्थनागृहाच्या आवारात एका मुलीचे प्रेत सापडते, तिची पर्स त्याच्याच गाडीत मिळते, आणि नेमके त्याच सुमारास त्याची नेमणूक पुढे चालू ठेवायची की नाही यावर समाजाच्या बैठकीत खल चालू असतो. तालमूद या धर्मग्रंथाच्या अभ्यासातून आलेली काटेकोर तर्कपद्धती तो खुनाच्या तपासाला लावतो, आणि त्याच्यात व आयरिश वंशाच्या कॅथलिक पोलीस प्रमुखात जी शांत, परस्परांविषयी कुतूहल असलेली संभाषणे होतात, ती आजही या कादंबरीचा सर्वांत मोलाचा भाग वाटतात. रहस्यकथांसाठी अमेरिकेत दिल्या जाणाऱ्या एडगर पुरस्कारांपैकी पदार्पणातील उत्कृष्ट कादंबरीसाठीचा पुरस्कार तिला मिळाला.

अलीकडच्या लाटेत शिरताना हा वारसा ध्यानात ठेवला, तर नव्या कादंबऱ्यांनी त्यात काय घातले ते स्पष्ट होते. व्हिव्हियन चिएन यांच्या ‘डेथ बाय डम्पलिंग’मध्ये (२०१८) ओहायो राज्यातील क्लीव्हलँड शहरात ‘एशिया व्हिलेज’ नावाचे दुकानांचे संकुल आहे आणि त्या संकुलाचा व्यवस्थापकच लाना ली हिच्या कुटुंबाच्या हॉटेलातून आलेले डम्पलिंग खाऊन मरतो. मिया पी. मनानसाला यांच्या ‘आर्सेनिक अँड अडोबो’मध्ये (२०२१) इलिनॉयमधील एका छोट्या काल्पनिक गावात लायला मकापगाल या तरुणीच्या आत्याच्या फिलिपिनो हॉटेलात लायलाचाच पूर्वीचा प्रियकर, जो खाद्यसमीक्षक आहे, जेवता जेवता कोसळतो; पोलीस तिच्यावर संशय घेतात आणि घरमालक कुटुंबाला बाहेर काढून जागा विकायला टपलेला असतो. उझमा जलालुद्दीन यांच्या ‘डिटेक्टिव्ह आंटी’मध्ये (२०२५) टोरोंटोतील एका दक्षिण आशियाई वस्तीत कौसर खान या विधवेची मुलगी कपड्यांचे दुकान चालवते आणि त्या दुकानात प्रेत सापडते ते जागेच्या मालकाचे.

तिन्ही लेखिका वेगळ्या, शहरे वेगळी, समाज वेगळे, तरी प्रत्येक ठिकाणी गाळ्याचा मालक किंवा व्यवस्थापक कथेच्या केंद्राजवळ उभा आहे, आणि हा योगायोग मानता येत नाही. ख्रिस्ती यांच्या खेड्यात माणसे मृत्युपत्रासाठी मरतात आणि मारतात, कारण तिथे वाडा, जमीन आणि वडिलोपार्जित पैसा आहे. स्थलांतरिताकडे वारसा नसतो. त्याच्याकडे भाडेकरार असतो, कर्ज असते, आणि पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत सगळ्या कुटुंबाने राबून उभा केलेला धंदा असतो, जो एका नोटिशीने रस्त्यावर येऊ शकतो. म्हणून या कादंबऱ्यांत भाडेवाढ, गिऱ्हाइकांची रोडावलेली संख्या आणि अन्नातून विषबाधा झाल्याची अफवा यांना जे वजन आहे, ते जुन्या कथेत इस्टेटीच्या वाटणीला होते.

याचाच परिणाम शोध घेण्याच्या कारणावर झाला आहे. मिस मार्पल बहुतेक वेळा कुतूहलापोटी आणि न्यायबुद्धीपोटी शोध घेतात; लायला, लाना आणि कौसर यांना तो चैनीचा पर्याय उपलब्ध नाही, कारण संशय त्यांच्याच घरावर किंवा चुलीवर आहे. खऱ्या गुन्हेगाराचे नाव कळेपर्यंत हॉटेलात कुणी जेवायला येणार नाही. शिवाय अशा वस्तीत एकावर आलेला आळ साऱ्या समाजावर पसरतो, आणि तो पुसण्याची जबाबदारी घरातल्या सर्वांत तरुण, इंग्रजी सफाईने बोलणाऱ्या मुलीवर किंवा सर्वांत वयस्क, कुणाची भीड न बाळगणाऱ्या बाईवर येऊन पडते.

वयस्क स्त्रियांचे हे महत्त्व या शाखेचे सर्वांत आनंददायक वैशिष्ट्य आहे. मनानसाला यांच्या मालिकेत लायलाच्या तीन मानलेल्या आयांना, एप्रिल, मे आणि जून अशी महिन्यांची नावे असल्यामुळे, ‘कॅलेंडर क्रू’ म्हणजे दिनदर्शिकेची टोळी असे म्हटले जाते. त्या गावभरची बातमी आणतात, आणि त्याच तोंडाने लायलाच्या वजनाची आणि लग्नाची चौकशीही करतात. जेसी क्यू. सुतांतो यांच्या ‘व्हेरा वाँग्ज अनसॉलिसिटेड ॲडव्हाइस फॉर मर्डरर्स’ (२०२३) या कादंबरीतील सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमध्ये चहाचे दुकान चालवणारी साठ वर्षांची व्हेरा, दुकानात सापडलेल्या प्रेताच्या हातातला पेन ड्राइव्ह पोलीस येण्याआधीच लपवते आणि मग ज्यांच्यावर तिचा संशय आहे त्या चौघांना आग्रहाने जेवू घालते. हा विनोदी पसारा उभा आहे तो एका कठोर वस्तुस्थितीवर: तिचा नवरा गेला आहे, मुलगा क्वचित फोन करतो, गिऱ्हाईक जवळजवळ उरलेले नाही, आणि तो खून होईपर्यंत तिला कुणाचीही वाट पाहायची नव्हती. २०२४ मध्ये या कादंबरीला एडगर पुरस्कार मिळाला. तिच्या हलक्याफुलक्या शैलीमागचे हे एकटेपण पुरस्कारापेक्षाही अधिक लक्षात राहते.

पोलिसांविषयीची दृष्टी मात्र या सर्व पुस्तकांत सारखी स्पष्ट नाही. जुन्या कोझीतला इन्स्पेक्टर मंदबुद्धी असला तरी सभ्य असतो. त्याला बोलावणे धोक्याचे नसते. स्थलांतरितांच्या मनात पोलिसांशी अनेक जुन्या भीती जोडलेल्या असतात, आणि त्या नाओमी हिराहारा यांच्याइतक्या गांभीर्याने फार थोड्यांनी हाताळल्या आहेत. त्यांच्या ‘समर ऑफ द बिग बाची’पासून (२००४) सुरू झालेल्या मालिकेतला मास अराई हा कॅलिफोर्नियात जन्मलेला, हिरोशिमात वाढलेला आणि अणुबाँबमधून वाचून परत आलेला वृद्ध माळी आहे; त्याच्या पिढीने सरकारी माणसांपुढे गप्प राहण्याची सवय अनुभवातून लावून घेतली होती. ‘क्लार्क अँड डिव्हिजन’ (२०२१) ही त्यांची कादंबरी तर, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या लोकांना ज्या छावण्यांत डांबले, त्यांतून सुटून १९४४ मध्ये शिकागोत पोहोचलेल्या कुटुंबाची आहे. या पुस्तकांना कोझी म्हणणे ओढूनताणून होईल, पण कोझीला जे बोलायला संकोच वाटतो ते ही पुस्तके बोलतात.

मराठी वाचकाला या परंपरेची सर्वांत जवळची ओळख सुजाता मॅसी यांच्या ‘द विडोज ऑफ मलबार हिल’मधून (२०१८) होऊ शकते. शेकडो वर्षांपूर्वी इराणातून आलेल्या पारशी समाजातील परवीन मिस्त्री ही १९२१ च्या मुंबईत वडिलांच्या कचेरीत वकिली करते, आणि मलबार हिलवर पडद्यात राहणाऱ्या तीन मुस्लिम विधवांच्या मालमत्तेचे प्रकरण तिच्याकडे येते. पुरुष पोलिसांना त्या दालनात पाऊल टाकता येत नाही. तिला टाकता येते, आणि तपासाची सारी रचना या एका प्रवेशावर उभी आहे. या पात्रामागे कॉर्नेलिया सोराबजी यांची प्रेरणा आहे. नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या सोराबजींनी पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींची कामे खरोखरच केली होती. कादंबरीला ऐतिहासिक विभागातला अगाथा पुरस्कार मिळाला.

या शाखेची एक उणीव सांगितलीच पाहिजे. बहुतेक पुस्तकांच्या शेवटी पाककृती दिलेल्या असतात, मुखपृष्ठावर वाफाळते वाडगे असते, आणि प्रकाशकांना हा समाज ताटातून विकणे सोपे जाते. त्या ताटामागे भांडी घासणारा, कागदपत्रे नसलेला, तक्रार करू न शकणारा कामगार मात्र या कथांत क्वचितच येतो, कारण घडी पुन्हा बसण्याचे जे वचन हा प्रकार वाचकाला देतो, ते त्याच्या बाबतीत पाळता येत नाही. अजय चौधरी यांच्या ‘द वेटर’मध्ये (२०२१) कोलकात्याचा नोकरी गमावलेला पोलीस अधिकारी लंडनच्या ब्रिक लेनवरील भारतीय हॉटेलात टेबलांवर ताटे मांडताना दिसतो, आणि ती कादंबरी त्यामुळेच कोझीच्या कुंपणाबाहेर जाते. नवख्या वाचकाने मनानसाला किंवा सुतांतो यांच्यापासून आरंभ करावा, मग मागे जाऊन केमेलमन वाचावेत, आणि हिराहारा यांच्याकडे त्यानंतर वळावे. या क्रमाने वाचताना वस्तीची गंमत आधी भेटते आणि तिचा भूतकाळ मागाहून.