सरासरी चेहऱ्याचे देखणेपण
अनेक चेहऱ्यांची छायाचित्रे एकमेकांत मिसळली, तर तयार होणारा चेहरा बहुतेक मूळ चेहऱ्यांहून देखणा दिसतो. फ्रान्सिस गाल्टन यांना १८७८ च्या सुमारास हे गुन्हेगारांच्या छायाचित्रांत आढळले. शोध गुन्हेगारी चेहरेपट्टीचा होता. हाती आला सौम्य, नाकीडोळी नीटस चेहरा! १९९० मध्ये ज्यूडिथ लँग्लॉइस आणि लोरी रॉगमन यांनी संगणकाने ३२ पर्यंत चेहरे मिसळले. स्त्री-पुरुष दोघांच्याही चेहऱ्यांबाबत तेच दिसले. मिश्रणात डाग, सुरकुत्या पुसल्या जातात, दोन्ही बाजू सारख्या होतात. शिवाय असा चेहरा मेंदूला ओळखीचा वाटत असावा. तरीही सरासरी म्हणजे सर्वोत्तम नव्हे, आणि हाच अधिक मोलाचा निष्कर्ष. डेव्हिड पेरेट व सहकाऱ्यांच्या १९९४ मधील प्रयोगात स्त्रियांच्या निवडक आकर्षक चेहऱ्यांची सरासरी सर्वांच्या सरासरीहून सरस ठरली.